कॉम्प्युटर टेबलावरून उठणार काय? आपापले अनुभव सांगा

शहापूरकर

नमस्कार मंडळी. बेळगावात शहापूरला माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, मंडळांचे अहवाल, श्रद्धांजलीचे बोर्ड, सगळं करतो. गेल्या सोमवारी दुकानातला कॉम्प्युटर बसला. बटण दाबलं की पंखा एकदा गर्रकन फिरतो आणि थांबतो, पुढं काही नाही. २०१२ ला असेंबल करून घेतलेला, तेव्हापासून रोज सकाळी दहा ते रात्री नऊ चाललाय, सुट्टी फक्त खंडेनवमीला, त्या दिवशी त्याला हळदकुंकू आणि झेंडूचा हार.

भाचा म्हणतोय, "मामा, हा डबा आता काढून टाका, लॅपटॉप घ्या, घरी पण नेता येईल, नाहीतर टॅबलेट घ्या, आता सगळं त्याच्यावरच होतंय." तो म्हणतोय ते चुकीचं नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि या मशीनवर ११ चढत नाही, त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागतीय आणि माझा प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीतच नाही. म्हणजे आज ना उद्या नवीन घ्यायलाच लागणार होतं.

पण माझी अडचण वेगळी आहे. माझ्याकडं वीस-बावीस वर्षांच्या पत्रिकांच्या फाइली आहेत, पेजमेकर या पान जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरमधल्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधल्या. त्या मोबाइलवर उघडल्या तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता भुगा दिसतोय. फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं लॉक आहे (ते मागं लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही) ते पण जुन्या प्रिंटरच्या रुंद पोर्टला बसतंय, तसलं पोर्ट आजच्या कुठल्या लॅपटॉपला मिळणार? आणि नेमकं परवा वडगावचं एक गिऱ्हाईक आलं, त्यांचं लग्न २००३ ला झालं तेव्हाची पत्रिका मीच केली होती, आता मुलीचं लग्न ठरलंय आणि त्यांना तोच गणपती, तीच वेल, तोच श्लोक पाहिजे. फाइल त्या बंद डब्यात आहे.

म्हणून विचारतोय. तुमच्याकडं काय झालं? घरी, दुकानात, कारखान्यात, शाळेत अजून टेबलावरचा कॉम्प्युटर आहे काय? काढला असेल तर काय मिळालं, काय गमावलं? पेपरात वाचलेलं नको, स्वतःच्या हातचं सांगा.

हिरण्यकेशी

मी संकेश्वरजवळ एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये २६ वर्षं आहे. "डेस्कटॉप संपला" हे वाक्य मी एवढ्या वेळा ऐकलंय की आता नवीन मुलांना त्याचा इतिहासच सांगत बसतो. कॉम्प्युटर उचलून न्यायची हौस पहिल्यापासूनची आहे. १९८१ ला आयबीएमचा पीसी आला, त्याच वर्षी ऑस्बॉर्न १ नावाचं शिलाई मशीनच्या पेटीसारखं यंत्र पण आलं, ५ इंची स्क्रीन आणि वजन जवळजवळ ११ किलो, तरी लोक ते हातात धरून विमानात न्यायचे. २००८ च्या तिसऱ्या तिमाहीत जगात पहिल्यांदा लॅपटॉपची विक्री डेस्कटॉपच्या पुढं गेली. आणि ऑक्टोबर २०१६ ला स्टॅटकाउंटर या इंटरनेटचा वापर मोजणाऱ्या कंपनीच्या मोजणीत मोबाइल-टॅबलेटवरचा इंटरनेटचा वापर ५१.३ टक्क्यांवर आला, कॉम्प्युटरवरचा ४८.७. आपल्याकडं त्याच्या महिनाभर आधीच जिओ आलं होतं, ते सगळ्यांना आठवत असेल, गल्लीत पोरं सिमकार्डासाठी रांगेत उभी होती.

२०१० ला आयपॅड आला तेव्हा स्टीव्ह जॉब्ज म्हणाले होते की पीसी हे ट्रकसारखे होणार. अमेरिका शेतीवर चालायची तेव्हा सगळ्या गाड्या ट्रकच होत्या, शहरं वाढली तशा मोटारी आल्या. ट्रक राहतील, पण थोड्याच लोकांना लागतील. मला ते अर्धंच पटतंय. आमच्या हुक्केरी-संकेश्वर पट्ट्यात प्रत्येकाच्या दारात मोटरसायकल आली, पण म्हणून उसाचा ट्रॅक्टर कुणी विकला नाही. गाळपाच्या दिवसात रस्त्यानं जाऊन बघा. ट्रॅक्टर सगळ्यांकडं नसतोय पण ऊस तर सगळ्यांचाच जातोय त्याच्यावरनं.

शहापूरकर, तुमची हार्ड डिस्क ठीक असणार. घाबरू नका.

उद्यमबाग_सेकंडशिफ्ट

आमच्या वर्कशॉपचं सांगतो. फाउंड्रीतनं बिडाचं कास्टिंग येतंय, आम्ही मशीनिंग करून पुढं पाठवतो, दोन व्हीएमसी आणि तीन सीएनसी लेथ आहेत, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारी कटिंगची मशीनं. २०२१ ला मालकानी हौसेनं माझ्यासाठी लॅपटॉप घेतला, म्हणजे मशीनजवळ उभं राहून प्रोग्रॅम बदलता यावा. सुरुवातीला लई बरं वाटलं, दर वेळी केबिनपर्यंत पळायला लागत नव्हतं. १४ महिन्यात गेला. उघडला तर आत पंख्याच्या जाळीवर आणि बोर्डवर काळी मऊ भुकटी, बोटानं पुसली तर काजळासारखी बोटाला लागली. बिडाची धूळ ती. साधी धूळ असती तर नुसता गरम झाला असता, पण यातनं करंट जातोय, त्यामुळं बोर्डच शॉर्ट झाला. लॅपटॉपचा पंखा खालनं हवा ओढतोय आणि मी तो ठेवायचो कुठं तर मशीनच्याच बाजूच्या लोखंडी टेबलावर.

आता परत काचेच्या केबिनमध्ये डेस्कटॉप आहे. कॅबिनेटच्या तोंडाला सुती कापड लावलंय आणि दर शनिवारी कॉम्प्रेसरची हवा मारतो (हवा मारताना पंखा बोटानं धरून ठेवायचा, नाहीतर जोरात फिरून बेअरिंग जातंय). दुसरं म्हणजे, आमची जुनी व्हीएमसी अजून नऊ पिनच्या सिरियल केबलवर प्रोग्रॅम घेते. डेस्कटॉपला मागं ते पोर्ट आहे. लॅपटॉपला कन्व्हर्टर लावायचो, तो मधेच सुटायचा आणि अर्धा प्रोग्रॅम जाऊन मशीन थांबायचं. टूल कास्टिंगमध्ये असताना मशीन थांबणं काय असतंय ते ज्याला माहीत आहे त्यालाच माहीत.

माझा एक मित्र फाउंड्रीत कास्टिंगचं सिम्युलेशन करतो, साच्यात रस कसा भरेल, कुठं आधी गोठेल, कुठं पोकळी पडेल ते बघायचं. रात्री लावून जातो, सकाळी येऊन बघतो. त्यानं पण लॅपटॉपवर करून बघितलं. लॅपटॉप गरम झाला की स्वतःच स्पीड कमी करतोय, त्यामुळं सकाळी आलं तरी अजून चालूच. कागदावर प्रोसेसरचं नाव तेच असतंय, पण पातळ डब्यात त्याला तेवढा गारवा मिळत नाही.

पण एक गोष्ट हातातल्याच यंत्रानं सुधारली, ती पण सांगायला पाहिजे. आधी ड्रॉइंगचे कागद मशीनजवळ क्लिपला लावलेले असायचे, तेलानं पिवळे पडलेले. एकदा टॉलरन्समधल्या (मापात किती फरक चालतोय त्या आकड्यातल्या) एका शून्यावर तेलाचा डाग पडला, ०.०५ चं ०.५ वाचलं गेलं आणि ४० पीस रिजेक्ट. नवीन पोरगा होता, रडायच्या बेताला आला होता. त्यानंतर प्रत्येक मशीनला जाड रबरी कव्हरातला टॅबलेट लावलाय. ड्रॉइंग केबिनमधल्या कॉम्प्युटरवर बदललं की टॅबलेटवर बदलतंय आणि ऑपरेटर अंगठ्यानं मोठं करून बघतोय. तेव्हापासून वाचण्यातली चूक एकदा पण झाली नाही. ड्रॉइंग काढायचं डेस्कटॉपवर, बघायचं हातात.

खडेबाजार_रिपेअर

शहापूरकर मामा, आधी तुमच्या डब्याचं बघू. पंखा एकदा फिरून थांबतोय म्हणजे बहुतेक एसएमपीएस (आत सगळ्याला करंट पुरवणारा डबा) गेलाय, नाहीतर कुठंतरी शॉर्ट आहे. आधी रॅम काढा, तिच्या सोनेरी पट्टीवर शाळेतलं खोडरबर हलक्या हातानं फिरवा, परत घट्ट बसवा. त्यानं झालं नाही तर बोर्डावरचे कॅपॅसिटर बघा, डोकं फुगलंय काय, तपकिरी काही बाहेर आलंय काय. ते ठीक असतील तर एसएमपीएस बदला. हार्ड डिस्कला हात लावू नका आणि कुणी "फॉरमॅट मारू" म्हटलं तर दुकानातनं उठून या.

१८ वर्षं रिपेअरीचं करतोय. आधी माझ्या फळीवर ओळीनं सीपीयू असायचे, आता लॅपटॉप जास्त. पण जे येतंय त्यातलं दुरुस्त किती होतंय ते बघा. डेस्कटॉपमध्ये एक वस्तू गेली तर तेवढीच बदलायची. एसएमपीएस गेला, एसएमपीएस बदला. लॅपटॉपमध्ये पूर्वी रॅम काढता यायची, आता बऱ्याच मॉडेलमध्ये बोर्डालाच चिकटवलेली असतीय, चार्जिंगचा सॉकेट सैल झाला तर सगळा बोर्ड उतरवायला लागतोय. गिऱ्हाईकाला खर्च सांगताना मलाच वाईट वाटतंय, कारण शेतकऱ्याचा मुलगा असतोय, बापानं ऊस बिलातनं घेऊन दिलेला असतोय.

जुन्या डेस्कटॉपला हार्ड डिस्कच्या जागी नुसती एसएसडी, म्हणजे चिपवाली जलद डिस्क, घातली तरी तो कसा पळतोय ते ज्यांनी बघितलंय त्यांना विचारा. मी माणसांना नवीन घ्यायच्या आधी ते सांगतो. माझा धंदा कमी होतोय त्यात, पण सांगतो.

कणकुंबीचा_पाऊस

मी खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढं, सरकारी मराठी शाळेवर शिक्षक आहे. मलप्रभा जिथं उगवते तो भाग. इकडं पाऊस सुरू झाला की भिंतीला पण घाम फुटतोय. वरच्यांचं सगळं पटलं, पण करंटच नसेल तर डेस्कटॉप काय करणार?

आमच्या शाळेला कॉम्प्युटर मिळाले तेव्हा मुलांनी त्यांना नारळ फोडला होता. पहिल्या पावसाळ्यात दोन गेले. दमटपणानं आतल्या पट्ट्यांवर हिरवट थर आला, एकात मुंग्यांनी घर केलं, अंडी सुद्धा होती. जुलैमध्ये चार-चार दिवस करंट नसतोय, झाड पडलं की लाइन जातीय आणि जंगलातनं ती जोडायला माणूस यायला वेळ लागतोय. यूपीएसची बॅटरी किती, दहा मिनिटं, कॉम्प्युटर नीट बंद करण्यापुरती. ऑगस्ट २०१९ च्या पुरात तर गावाचा रस्ताच गेला होता, तेव्हा माझा मोबाइल ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्ज करून घेतला आणि मुलांच्या घरी सगळे ठीक आहेत काय ते त्याच्यावरनंच विचारलं. मुलांची माहिती ऑनलाइन भरायची असते ती मी मोबाइलवरच भरली, शाळेच्या मागच्या माळावर, जिथं दोन काड्या रेंज येते तिथं छत्री धरून. डोळे दुखायचे, एका मुलाचं नाव भरताना तीनदा पान उडायचं, पण झालं.

तरी एक सांगतो. दसऱ्यानंतर पाऊस उघडला की उरलेला एक कॉम्प्युटर मी उन्हात तासभर ठेवून मग चालू करतो. त्याच्यासमोर एक बाक ओढून पाच मुलं बसतात. एकाच्या हातात माऊस, एक की शोधून देतो, एक जण मोठ्यानं वाचतो, मागं दोघं उभी राहून चूक सांगतात. मागल्या वर्षी त्यांनी गावातल्या झाडांची यादी केली, मराठी नाव, कन्नड नाव, फळ कधी येतंय. सातवीतली एक मुलगी "किंजळ"चं कन्नड नाव विचारायला संध्याकाळी फॉरेस्टच्या वॉचमनकडं जाऊन आली. तीच मुलं मोबाइल हातात आला की एक जण कोपऱ्यात जाऊन पाठ करून बसतोय, बाकीचे वाट बघत. मोबाइल एकाचाच असतोय. हे मी रोज बघतोय म्हणून कॉम्प्युटर अजून जपून ठेवलाय.

भालकीहून

बीदर जिल्ह्यातून राम राम. आमच्या घरी डेस्कटॉप होता, २०१९ ला काढला, एकाला पण आठवण येत नाही. माझं काम धान्याच्या अडतीचं. भाव मोबाइलवर, पट्टीचा फोटो मोबाइलवर, पैसे मोबाइलवर. शिवारात उभं राहून व्यवहार होतोय. टेबल कशाला पाहिजे?

निपाणीची_लेक

भालकीच्या दादांना पाहिजे नसेल, पण त्यांच्या अडतीचा वर्षाचा हिशोब जो करतो त्याला एकदा विचारावं.

मी निपाणीत तंबाखूच्या वखारीत अकाउंट्स बघते. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा माझी नोकरी नवीन होती, रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत बसलोय. टॅलीत एंट्री करणाऱ्या बाईचा उजवा हात कुठं असतो बघा, कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांवर. डोळे बिलावर, हात आकड्यांवर, खाली बघायचं नाही. माझ्या कीबोर्डवरचे ०, ५ आणि एंटर पार पुसून गेलेत, पांढरं प्लॅस्टिक दिसतंय, तरी बोट बरोबर जातंय. पाचावर जी बारीक उंच रेघ असते ना, तिच्यावरनं समजतंय. लॅपटॉपच्या वरच्या ओळीतल्या आकड्यांवर दिवसाला २०० बिलं कोण मारणार? मी करून बघितलं, मनगट धरलं.

दुसरं, शेठना वाटायचं की हिशोब वखारीच्या बाहेर जाऊ नये. जड कॉम्प्युटर म्हणजे त्यांच्या मते तिजोरी. कुणी पिशवीत घालून नेणार नाही. त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं.

पण २०२२ ला मला मुलगी झाली. माहेरी बोरगावला होते. नोकरी सुटणार असंच मी धरून चालले होते. तेव्हा शेठनी स्वतः लॅपटॉप दिला आणि वखारीतल्या कॉम्प्युटरला घरून जोडून द्यायची सोय करून घेतली. बाळ झोपलं की बसायचे, कधी दुपारी दोनला, कधी पहाटे चारला. हिशोब वखारीतच राहिला, मी मात्र घरी. एक सुटा आकड्यांचा कीपॅड मिळतो यूएसबीचा, तो घेतला. सहा महिन्यांनी परत कामावर गेले तेव्हा माझी खुर्ची माझीच होती. हा माझा अनुभव, आता यात कोण जिंकलं म्हणायचं ते मला सांगता येत नाही.

अनगोळ_घरूनकाम

मी विश्वेश्वरय्या विद्यापीठाचा विद्यार्थी, २०२० ला लॉकडाऊन लागलं तेव्हा सहाव्या सेमिस्टरला. घरी कॉम्प्युटर नव्हता. तीन महिने मी सी++ चे प्रोग्रॅम मोबाइलवर लिहिले. महिरपी कंस काढायला कीबोर्डाचं दुसरं पान उघडायला लागायचं, मग तिसरं, एका कंसाला तीन टिचक्या. ४० ओळींच्या पुढं गेलं की वर काय लिहिलंय ते विसरायचं, म्हणून बाजूला वही ठेवायचो. वडिलांनी ते एकदा बघितलं, काही बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात सेकंड हँड लॅपटॉप आला.

आज बेंगळूरच्या कंपनीचं काम घरून करतो. कंपनीचा लॅपटॉप आहे, पण तो टेबलावर एका उंच स्टँडवर बसलेला असतो, त्याला २४ इंची दोन मॉनिटर, सुटा कीबोर्ड, माऊस, नेटची वायर. गेल्या वर्षी तो मी किती वेळा उचलला असेन? पाच-सहा वेळा. कायम चार्जिंगला राहून त्याची बॅटरी फुगली, टचपॅड वर उचलला गेला तेव्हा लक्षात आलं (असं झालं तर लगेच बंद करा, वापरत राहू नका, लिथियमची बॅटरी पेट घेऊ शकते). बदलून मिळाला. नवीन लॅपटॉपमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय आहे, ती चालू करून ठेवलीय. म्हणजे बघायला लॅपटॉप, पण खरं तर घरी डेस्कटॉपच आहे. हल्ली आत पण फार फरक राहिला नाही, ॲपलनं २०२० ला एम१ चिप काढली ती लॅपटॉपमध्ये पण तीच आणि मॅक मिनीत पण तीच. बदललं नाही ते माझी मान आणि डोळे. मोठा स्क्रीन डोळ्यांच्या उंचीला पाहिजेच.

सीमेवरचं_ऑनलाइन_सेंटर

मी कागवाडजवळ ऑनलाइन सेंटर चालवतो. दारात रोज २०-२५ माणसं, सगळ्यांच्या खिशात स्मार्टफोन. मग माझ्याकडं का येतात? कारण फोटो ५० केबीच्या आत पाहिजे, सही २० केबीच्या आत, पीडीएफ सरळ पाहिजे, आणि मोबाइलवर ते पान अर्धंच दिसतंय, "सबमिट"चं बटण स्क्रीनच्या बाहेर. ओटीपी मात्र त्यांच्या मोबाइलवर येतोय. माझा कॉम्प्युटर आणि त्यांचा मोबाइल, दोन्ही असल्याशिवाय एक पण फॉर्म जात नाही.

आपल्या भागाचं अजून एक आहे. इथला मुलगा बारावी झाला की कर्नाटकाची सीईटी पण भरतोय आणि महाराष्ट्राची पण, तिकडं सीमाभागातल्या मुलांसाठी वेगळ्या जागा असतात. जातीचा दाखला, उतारा कन्नडमध्ये. नाव एका ठिकाणी कन्नडवरनं इंग्रजीत आलेलं, दुसऱ्या ठिकाणी मराठीवरनं, एका ए चा फरक आणि फॉर्म रिजेक्ट. मी स्क्रीनवर डाव्या बाजूला कन्नड कागद आणि उजव्या बाजूला फॉर्म, असं शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवतो, पालकाला खुर्ची देऊन शेजारी बसवतो आणि बोट ठेवून वाचायला लावतो. सहा इंचाच्या काचेवर हे कसं करणार? कन्नड नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या कीबोर्डवर मारतो, मराठी युनिकोडमध्ये, बोटांना दोन्ही पाठ झालंय, स्टिकर लावलेले नाहीत.

मागल्या जूनमध्ये शेवटच्या तारखेला एक सरकारी साइट संध्याकाळपर्यंत उघडलीच नाही. "सर्व्हर डाऊन आगेद री" म्हणून सांगत सांगत माझा घसा बसला. रात्री साडेअकराला उघडली, तेव्हा करंट गेला. शेवटचे तीन फॉर्म मोबाइलचं नेट लॅपटॉपला देऊन भरले, ११ वाजून ५२ मिनिटांनी तिसरा गेला. त्या दिवसापासून सेंटरमध्ये एक चार्ज केलेला लॅपटॉप कायम असतोय. रोजचं काम डेस्कटॉपवर, तो लॅपटॉप अडचणीला.

टिळकवाडीची_आजी

मी निवृत्त शिक्षिका आहे, वय ७४. तुम्ही मुलं एवढं मनापासून लिहिताय म्हणून मी पण लिहिते. आमच्याकडे २००४ ला कॉम्प्युटर आला, मोठ्या पोटाचा मॉनिटर. यांनी त्याला क्रोशाचं कव्हर माझ्याकडून करून घेतलं. यांच्या पेन्शनचे अर्ज, मुलाचा पहिला बायोडाटा, सगळं त्याच्यावर. हे गेल्यावर तो बरीच वर्षं तसाच होता, मग मुलानं मला टॅबलेट दिला. रात्री पडून वाचायला त्याच्यासारखं सुख नाही, अक्षर पाहिजे तेवढं मोठं होतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आधी तर तोच माझा आधार होता.

पण लिहायचं म्हटलं तेव्हा कळलं. आमच्या शाळेच्या आठवणी लिहायला घेतल्या. मोबाइलवर बोलून टाइप करायची सोय आहे ना, ती वापरायचे. सगळं समजायचं त्याला, पण आपलं इकडचं बोलणं समजायचं नाही. "बुट्टी" (टोपली) म्हटलं की "सुट्टी" यायचं. मी सांगतेय की आई भाकरीची बुट्टी डोक्यावर घेऊन शेतात निघाली आणि तिथं लिहिलेलं, आई भाकरीची सुट्टी डोक्यावर घेऊन निघाली. सहा महिने दुरुस्त करत लिहिलं. बस स्टँडवर पर्स गेली, त्यात मोबाइल, त्यात ते सगळं लिखाण. कुठं दुसरीकडे साठवून ठेवायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दोन दिवस जेवण गेलं नाही.

पुण्याहून नातू आला, त्यानं माळ्यावरनं टेबल काढलं, नवीन मॉनिटर आणला, मोठ्या अक्षरांचा कीबोर्ड आणला. आता रोज सकाळी अंघोळ करून नऊ ते अकरा तिथं बसते. खुर्चीत बसलं की डोकं कामाला लागतं, पलंगावर बसून मला ते जमलं नाही. परत पहिल्यापासून लिहितेय, ६१ पानं झालीत. नातवानं असं करून दिलंय की ते आपोआप दुसरीकडे पण साठवलं जातं.

शहापूरकर, तुमच्या फाइलींच्या प्रती बाहेर काढून ठेवा हो, लॅपटॉप की डेस्कटॉप ते नंतर ठरवा.

शहापूरकर

सगळ्यांचे आभार. आजी, तुमचं वाचून पहिलं काम तेच केलं.

खडेबाजारच्या दादांनी सांगितलं तसं रॅमला खोडरबर फिरवलं, काही झालं नाही. कॅपॅसिटर सगळे सपाट होते. एसएमपीएस बदलला, बटण दाबलं, पंखा फिरला आणि फिरतच राहिला. भाचा शेजारीच उभा होता. रात्री दीडपर्यंत बसून दोघांनी सगळ्या फाइली दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवल्या, एक दुकानात, एक घरी.

नवीन डेस्कटॉपच घेतोय, मॉनिटर जुनाच ठेवून. जुना बाजूला राहील, त्याचं नेट काढलंय, फक्त जुन्या पत्रिकांसाठी आणि त्या लॉकसाठी. प्रूफ तसंही आता गिऱ्हाईकाच्या मोबाइलवरच जातंय, त्यासाठी भाच्याचा टॅबलेट दुकानात ठेवू, माणूस समोर असेल तर त्याच्या हातात देता येईल.

वडगावच्या त्या गिऱ्हाईकाला काल बोलावलं. २००३ ची फाइल उघडली, फॉन्ट जसाच्या तसा, गणपती, वेल, श्लोक, सगळं जागच्या जागी. दोघं नवराबायको खुर्च्या ओढून स्क्रीनसमोर बसले. वधूच्या जागी मुलीचं नाव टाकलं, तारीख बदलली, कार्यालय बदललं. मग निमंत्रकांच्या ओळीवर आलो. तिथं त्यांच्या वडिलांचं नाव होतं. ते थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "नाव काढू नका, वर घ्या." मी ते वर घेतलं आणि आधी "कै." टाकलं.